संरचनावाद : अभ्यासपद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा

मानव्यविद्यांतील एक अभ्यासपद्धती. घटकाचा अर्थ त्याच्या अंगी नसून त्याच व्यवस्थेतील इतर घटकांपासूनच्या त्याच्या वेगळेपणात असतो, हे तिचे मूळ गृहीत. मराठीत ‘मूल’ आणि ‘मूळ’ हे दोन शब्द ठरतात ते ल-ळ या भेदामुळे. ज्या भाषेत या भेदाने अर्थ बदलत नाही, तेथे त्याला व्यवस्थेत स्थान नाही.

पद्धतीचा उगम सामान्यतः स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) याच्या जिनीव्हा येथील व्याख्यानांत (१९०७–११) मानतात. शार्ल बाय्यी व आल्बेर सेशए यांनी ती त्याच्या मृत्यूनंतर, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून, १९१६ मध्ये ग्रंथरूपात आणली. त्यामुळे त्यांत नेमके सोस्यूरचे किती, हा वाद मिटलेला नाही. ग्रंथाचा भर ‘व्यवस्था’ या संज्ञेवर आहे. ‘संरचनावाद’ हे नाव रशियन भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसनने १९२९ च्या सुमारास पुढे आणले. सोस्यूर संस्कृतज्ञ होता. संस्कृतातील भावे षष्ठी या विभक्तिप्रयोगावरील त्याचा प्रबंध १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून काही अभ्यासक पाणिनीचा, तर काही बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाच्या (सु. पाचवे-सहावे शतक) अपोहवादाचा प्रभाव सुचवतात. शब्दार्थ म्हणजे इतरांची व्यावृत्ती, म्हणजे ‘गाय’ म्हणजे जे गाईखेरीज नाही ते, हे अपोहाचे सूत्र पाहता साम्य लक्षणीय आहे; तथापि प्रत्यक्ष ऋण सिद्ध झालेले नाही. दोन स्वतंत्र विचार एका ठिकाणी पोहोचले, असे मानणे अधिक सुरक्षित.

उगम सोस्यूरच्याच १८७९ च्या स्वरविषयक निबंधात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. इंडो-यूरोपीय मूळ भाषेतील काही दीर्घ स्वर म्हणजे ऱ्हस्व स्वर अधिक एक लुप्त वर्ण, असे त्याने एकविसाव्या वर्षी केवळ धातुरूपांच्या परस्परसंबंधांवरून मांडले. असा वर्ण तेव्हा ज्ञात असलेल्या कोणत्याही भाषेत टिकलेला दिसत नव्हता. १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ येझी कुरिलोविचने तो नव्याने उलगडलेल्या हित्ताइट या प्राचीन इंडो-यूरोपीय भाषेत दाखवला. ‘गोप’, ‘भूप’ यांतला संस्कृत ‘पा’ (रक्षण करणे) हा धातू हित्ताइटमध्ये ‘पह्स-’ असा, ह-सदृश वर्णासह आढळतो. व्यवस्थेतील रिकाम्या जागेवरून न दिसलेल्या घटकाचे भाकीत करता येणे, हे या पद्धतीचे सर्वांत भक्कम सामर्थ्य होय. हा प्रश्न भाषेच्या इतिहासाचा होता. म्हणून इतिहासाकडे पाठ फिरवण्याचा आक्षेप संरचनेच्या कल्पनेला लागत नाही. तो पुढे एककालिक, म्हणजे एका विशिष्ट काळातील व्यवस्थेपुरत्या, अभ्यासाला दिलेल्या अग्रक्रमाला लागतो.

मौखिक कथांनाही पद्धती मानवते. रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये सुमारे शंभर रशियन परीकथांतून ३१ ‘कार्ये’, म्हणजे कथानक पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती, वेगळी काढली. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोसने नातेव्यवस्था (१९४९) व मिथके यांना ही पद्धती लावली. आपल्या व्रतकहाण्याही अशा उलगडतात : वसा घेणे, उतणे-मातणे, वसा टाकणे, विपत्ती, पुन्हा वसा, संपत्ती. पात्रे व दैवते बदलली तरी अनेक कहाण्यांत हा क्रम टिकतो. पण श्रावणात ती कहाणी कोण कोणाला सांगते, ऐकणारी कुठे थबकते, हे या सांगाड्यात येत नाही.

दुसरी अडचण पडताळ्याची. ग्रीक ईडिपसकथेतील प्रसंगांचे साम्यानुसार चार स्तंभ लेव्ही-स्त्रोसने पाडले (१९५५); दुसरा अभ्यासक वेगळे पाडील, आणि निवाड्याला हित्ताइटसारखा साक्षीदार नाही. लेव्ही-स्त्रोस व याकबसन यांनी फ्रेंच कवी बोदलेरच्या ‘मांजरे’ या सुनीताचे विश्लेषण केले (१९६२), तेव्हा यांतले कोणते आकृतिबंध वाचकाला खरोखर जाणवतात, हा प्रश्न समीक्षक मीशेल रिफातेरने विचारला (१९६६). त्याच वर्षी फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदाने बाल्टिमोर येथे संरचनेला धरून ठेवणाऱ्या स्थिर ‘केंद्रा’च्या कल्पनेलाच हात घातला.

भारतापुरता विचार करता फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लुई द्यूमाँची जातिव्यवस्थेची मांडणी (१९६६) महत्त्वाची. शुद्ध-अशुद्ध या एका विरोधावर तिने सर्व श्रेणी उभी केली. हे जातीचे ब्राह्मणी दर्शन असून खालच्या जातींचा अनुभव त्यात उतरत नाही, असा आक्षेप अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जेराल्ड बेरेमनने १९७१ मध्ये घेतला. तो ग्राह्य वाटतो. मांडणीतील सुसंगती तिने वापरलेल्या धर्मग्रंथांकडून बऱ्याच अंशी आलेली आहे.