पास्त्याच्या पाण्यात तेल कशाला?
पास्ता चिकटू नये म्हणून उकळत्या पाण्यात चमचाभर तेल घाला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पण तेल पाण्यावर तरंगतं, खाली शिजणाऱ्या पास्त्याला ते जेमतेम लागतं. पास्ता चिकटतो तो सुरुवातीलाच, वरचा स्टार्च ओला होऊन फुगतो तेव्हा. म्हणून 100 ग्रॅमला साधारण लिटरभर पाणी घ्या आणि पहिली 2 मिनिटं नीट ढवळा, एवढं पुरतं. शिजलेला पास्ता नळाखाली धुणं तर आणखी वाईट (थंड सॅलडसाठी ठीक आहे), कारण सॉस धरून ठेवणारा स्टार्चच वाहून जातो. गाळण्याआधी वाटीभर पाणी मात्र जरूर काढून ठेवा. गाजर, मटार, ढोबळी मिरची परतून क्रीम घातलं की हे काढून ठेवलेलं पाणी थोडं थोडं ओता. त्यातल्या स्टार्चमुळे कमी क्रीममध्येही सॉस छान मिळून येतो.