वैशाखात परत येणारा वास

विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय म्हटलं की आपल्याकडे पहिला उपाय होतो तो टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा. पुडी सोडायची, दोन दिवस पाणी भरायचं नाही आणि वाट पाहायची. टीसीएल जंतू मारतं, पेट्रोलला ते काहीच करत नाही. पुढे लिहिलंय ते वाचल्यावर कळेल की इथे जंतूच आपल्या बाजूचे असतात. मग आषाढात विहीर काठोकाठ भरते, वास नाहीसा होतो, माणसं सुटकेचा श्वास सोडतात. फाल्गुनात पाणी तळाकडे गेलं की वास पुन्हा हजर.

हा लपंडाव समजायला कोकणातल्या महामार्गाकडेचा एक जुना पेट्रोल पंप डोळ्यांसमोर आणू. जमिनीखाली पोलादी टाकी, भोवती वर्षातले चार महिने चिंब असणारी माती. पाइपाच्या एका सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळतो. दिवसाचे झाले सव्वाचार लिटर, वर्षाचे दीड हजारांच्या वर. पंपावर रोज दांडी बुडवून साठा मोजतात, मग हे लक्षात कसं येत नाही? कारण पेट्रोल उष्णतेने फुगतं. टाकीत दहा हजार लिटर असेल आणि तापमान एका अंशाने बदललं, तर आकारमानात नऊ-दहा लिटरचा फरक पडतो. सव्वाचार लिटरची चोरी त्यात सहज खपून जाते.

आता खालची जमीन. चिरेखाणीत उभं राहून जांभा जवळून पाहिला असेल त्याला वेगळं सांगायला नको: दगड कसला, लाल रंगाचा स्पंजच तो. पेट्रोल त्या भोकाभोकांतून भूजलाच्या पातळीपर्यंत उतरतं आणि पाण्यापेक्षा हलकं असल्याने तिथे तरंगत पसरतं. ही पातळी एका जागी राहिली असती तर काम सोपं होतं. पण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे जांभ्यातलं पाणी दरवर्षी काही मीटर वर चढतं आणि तितकंच खाली जातं. तेलाचा तवंग असलेल्या बादलीत स्पंज वरखाली करून पाहा, तेल स्पंजाच्या पूर्ण उंचीला माखतं. जमिनीत तेच होतं. पावसाळ्यात हा माखलेला थर पाण्याखाली बुडतो आणि पेट्रोलचे थेंब भोकांत अडकून बसतात. विहिरीतही भरपूर पाणी आल्याने वास पातळ होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अडकलेलं पेट्रोल निथळून पुन्हा एकत्र जमतं.

वास गेला तरी धोका गेलेला नसतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त एक टक्का असू शकतं. तेवढंच धरलं तर एका लिटरमागे जवळपास नऊ ग्रॅम होतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम. गणित मांडलं तर एका लिटर पेट्रोलातलं बेंझिन पावणेनऊ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. दहा फूट रुंद, तेरा फूट पाणी असलेल्या अशा तीसेक विहिरी भरतील!

साफसफाईची सुरुवात साधी आहे. गळती थांबवायची, टाकी रिकामी करायची, भोवती पाच-सहा बोअर मारून तवंग कुठवर गेलाय ते मोजायचं आणि तरंगतं पेट्रोल खेचून घ्यायचं. (वास येणाऱ्या विहिरीत कुणी उतरू नये, मोटारही चालू करू नये. वाफ साचलेली असते, एक ठिणगी पुरते.) टाकीभोवतीची माती खणून काढता येते, पण पाच-सात मीटर खोल चिरा फोडत किती लांब जाणार, आणि काढलेली माती टाकणार कुठे? पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून सोडण्याचाही मार्ग आहे. पंप खाडीजवळ असेल तर तो जपून वापरावा लागतो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर वर असेल, तर तिच्या जोरावर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत खारं पाणी रोखलेलं असतं. हावरटासारखं उपसलं तर पेट्रोल जाईल आणि मीठ येईल.

खरं काम करतात मातीतलेच जिवाणू. पेट्रोल हे त्यांचं अन्न आहे आणि कोकणची उबदार जमीन त्यांना मानवते. अडतं ते प्राणवायूवर. एक किलो पेट्रोल पचवायला तीन किलोहून जास्त प्राणवायू लागतो. पाण्यात तो लिटरला जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो, म्हणजे पावणेचार लाख लिटर पाणी हवं. हवेतून घ्यायचा तर अकरा-बारा हजार लिटर हवा पुरते! प्राणवायू संपला तरी काही जिवाणू थांबत नाहीत, ते जांभ्यातल्या लोहावर श्वास चालवतात. असा एक जिवाणू 1987 मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात मिळाला, त्याच्या कुळाला आता जिओबॅक्टर म्हणतात. त्यांची चाल मात्र संथ. शिवाय त्यांच्यामुळे लोह पाण्यात उतरतं आणि वर हवा लागताच गंज होऊन पाइप, गाळण्या तुंबवतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची आणखी एक खोड आहे: जिवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात, प्राणवायू त्यातच खर्ची पडतो आणि बेंझिन मागे उरतं.

म्हणून हवा आत ढकलण्याचं आणि पेट्रोलची वाफ ओढून काढण्याचं काम कोकणात पंचांग बघून करावं असं माझं मत आहे. माखलेला थर उघडा पडतो तो फाल्गुन ते वैशाख. यंत्रं त्या तीन महिन्यांत पूर्ण जोराने चालवावीत. पावसाळ्यात तोच थर पाण्याखाली असताना ती घरघरत ठेवली तर मुख्यतः विजेचं बिल वाढतं. पाण्याचे नमुने भाद्रपदातही घ्यावेत, वैशाखातही. पण जागा स्वच्छ झाल्याचा दाखला भाद्रपदातल्या अहवालावर कुणी मागायला आला, तर त्याला वैशाखात यायला सांगावं, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा एकदा.