कणसूर कुणाचा? एकल व्हायोलिनच्या ध्वनिमुद्रणांमागची पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला दर महिन्याला जमणाऱ्या एका श्रवणमंडळाने यंदा एक निर्णय घेतला. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांसाठीच्या बैठकीत सूर ढळलेली किंवा चुका तशाच राहिलेली ध्वनिमुद्रणे लावायची नाहीत. मुलांच्या कानावर स्वच्छ सूरच पडायला हवा, असे त्यामागचे म्हणणे. त्यामुळे व्हायोलिनवादक जॉर्ज एनेस्कूने वाजवलेली बाखची ‘शाकोन’ ही एकल व्हायोलिनची लांबलचक रचना यादीतून गेली, योझेफ सिगेतीचे उतारवयातले बाख गेले आणि रुजिएरो रिचीने वाजवलेले काही कॅप्रिस, म्हणजे पागानिनीच्या एकल व्हायोलिनच्या छोट्या पण अवघड रचना, तेही गेले. मी या बैठकांना नियमित जातो आणि हा निर्णय मला पटलेला नाही. मात्र ‘स्वच्छ’ ही अपेक्षा आली कुठून, हे पाहिल्याशिवाय वाद पुढे सरकणार नाही.

बाखच्या एकल व्हायोलिनच्या सहा रचनांचे हस्तलिखित १७२० चे, पागानिनीचे चोवीस कॅप्रिस छापले गेले १८२० मध्ये, बेल्जियन वादक-रचनाकार इझाईच्या सहा सोनाता १९२३-२४ च्या. या क्रमापाशी फार थांबत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की पागानिनीच्या काळी निसटलेला सूर सभागृहातच विरायचा. श्रोता घरी घेऊन जायचा तो त्या रात्रीचा थरार. तीच चूक, त्याच जागी, शंभर वेळा ऐकण्याची सोय कुणालाच नव्हती.

ती सोय आली ध्वनिमुद्रणाबरोबर. १९०३ मध्ये बहात्तरीला टेकलेल्या योझेफ योआखिमने ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभे राहून बाखच्या जी मायनर सोनातेतला ‘अदाजिओ’ वाजवला. सूर मधूनच थरथरतो, गज अडखळतो, सुराचे आंदोलन (व्हायब्रेटो) जवळजवळ नाहीच. पण वाक्य कुठे सुरू होते आणि श्वास कुठे घ्यायचा, हे त्याला पक्के माहीत आहे. पुढच्याच वर्षी पाब्लो दे सारासातेने बाखच्याच ई मेजर पार्तिताचा (नृत्यगतींच्या मालिकेचा) ‘प्रेल्यूड’ इतक्या वेगात वाजवला की काही स्वर चक्क गिळले गेले. तबकडीवरची जागा संपेल म्हणून तो पळाला असे काही जण मानतात, त्याची चालच तशी होती असे इतर काही. आमच्या बैठकीत हे एकदा लावले तेव्हा मागे बसलेला एक मुलगा मोठ्याने हसला. त्याला दोष देता येत नाही. त्याने आयुष्यात ऐकलेले व्हायोलिनचे प्रत्येक ध्वनिमुद्रण दुरुस्त केलेले होते.

१९२५ पासून मायक्रोफोन आला आणि आवाज सुधारला, पण पद्धत तीच राहिली. मेणाच्या तबकडीवर सुई कोरत जायची, बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटे. चूक झाली तर पूर्ण बाजू पुन्हा. मधला तुकडा बदलता येत नसे. शाकोनसारखी चौदा-पंधरा मिनिटांची रचना चार बाजूंत तोडावी लागे. बाखच्या सहाही रचनांचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण यहुदी मेन्युहिनने १९३४ ते १९३६ या काळात याच पद्धतीने केले, विशी गाठता गाठता. जी मेन्युहिनची सफाई आपण ऐकतो ती खरोखर त्या चार मिनिटांची आहे.

या काळात मापदंड बदलणारा माणूस होता याशा हायफेट्झ. १९१७ मध्ये सोळा वर्षांचा असताना त्याने न्यूयॉर्कला वाजवले आणि त्यानंतर जगभरचे वादक त्याच्या सफाईशी स्वतःला ताडून पाहू लागले. बर्नार्ड शॉने त्याला पत्र लिहून सुचवले होते की रोज झोपण्यापूर्वी एखादी तरी गोष्ट वाईट वाजवत जा, इतके निर्दोष वाजवणे माणसाला शोभत नाही. हायफेट्झला ‘थंड’ म्हणण्याची पद्धत आहे. मला ते मान्य नाही. १९५२ मधले त्याचे बाख ऐकताना त्याची घाई जाणवते, पण थंडपणा नाही. त्याची सफाई त्याच्या बोटांत होती. पुढच्या पिढ्यांपाशी ती बोटांखेरीज आणखी एका ठिकाणी आली.

ते ठिकाण म्हणजे फीत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस चुंबकीय फीत स्टुडिओत शिरली, १९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी आली, आणि पहिल्यांदाच एका टेकचा (एका सलग मुद्रित वादनाचा) उत्तरार्ध दुसऱ्या टेकच्या पूर्वार्धाला जोडता येऊ लागला. फीत तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने सांधायची. कान तयार असेल तर सांधा ओळखू येतो, नाहीतर नाही. एकल व्हायोलिनला हे सर्वांत अवघड, कारण लपायला पियानो नाही की वाद्यवृंद नाही. मागच्या स्वराची गुंज खोलीत तरंगत असते, मोकळ्या तारा आपोआप झंकारत असतात. जोडायचा तुकडा दोन-चार मात्रा आधीपासून वाजवून घेतला नाही तर ती गुंज मध्येच तुटते. तरीही तो जोडला जाऊ लागला.

नेमक्या याच उंबरठ्यावर मला सर्वांत जिव्हाळ्याची ध्वनिमुद्रणे झाली. १९४७ मध्ये रिचीने पागानिनीचे चोवीसही कॅप्रिस मूळ रूपात, पियानोच्या साथीशिवाय, पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले. एनेस्कूचे बाख त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतले. तेव्हा तो साठीच्या उत्तरार्धात होता, तब्येत खालावलेली होती. शाकोनमध्ये त्याचे सूर अनेकदा खाली राहतात, जोडस्वर खरवडतात. पण मधला मेजरचा भाग सुरू होतो तिथे तो गज इतका हलका ठेवतो की ऐकणाऱ्याचा श्वास अडतो. सिगेतीने १९५० च्या दशकाच्या मध्यावर बाख मुद्रित केले तेव्हा संधिवाताने त्याच्या हातांवर परिणाम झाला होता. हाच सिगेती बाखची जी मायनर सोनाता वाजवताना ऐकून इझाईला स्वतःच्या सहा सोनाता सुचल्या होत्या आणि त्यांतली पहिली त्याने सिगेतीलाच अर्पण केली होती. मुलांना जे ऐकवायचे नाही असे ठरले आहे, ते हे.

पुढे १९५८ मध्ये बावीस वर्षांच्या मायकेल रेबिनचे कॅप्रिस आले, १९७२ मध्ये इट्झाक पर्लमनचे. दोन्ही अप्रतिम आहेत. पर्लमनची तबकडी तर पुढच्या सगळ्यांसाठी मोजपट्टीच झाली. फीत कुठे सांधली आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि वादकाला विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याने आमच्या बैठकीत सर्वाधिक गोंधळ घातला: ‘तयारी’. आपल्याकडे मैफलीतून बाहेर पडताना माणसे म्हणतात, ‘तयारी आहे, पण गाणं नाही.’ तयारी म्हणजे रियाजाने कमावलेली पकड, तानेचा दाणा सुटा पडणे, वेगातही सूर न हलणे. निर्णयाच्या बाजूची मंडळी म्हणाली, मुलांना आधी तयारी ऐकू द्या, गाणे नंतर येईल. विरुद्ध बाजू म्हणाली, गाणे आधी. दोन्ही बाजूंनी गृहीत धरले की आजच्या दुरुस्त केलेल्या ध्वनिमुद्रणात तयारी ऐकू येते. इथेच मला अडचण दिसते. पागानिनीत अवघडपणा हाच आशयाचा भाग आहे. दहा स्वरांच्या अंतराचे जोडस्वर, डाव्या हाताने तार छेडणे, गज तारेवर उसळता ठेवणे, हे सगळे कोसळू शकते, आणि ते न कोसळता पार पडते तेव्हा रंग चढतो. वीस टेकमधून निवडून सांधलेल्या तुकड्यात कोसळण्याची शक्यताच उरत नाही. म्हणजे गाणे तर जातेच, पण तयारीचाही पुरावा जातो.

पाचव्या कॅप्रिसचे उदाहरण बोलके आहे. पागानिनीने चार स्वरांच्या गटातले तीन स्वर गज खाली नेत उसळते आणि चौथा वर नेत, अशी खूण लिहून ठेवली आहे. ती पाळली तर वेगात स्वर खडखडतात आणि एखादा दाणा हरवतो. अनेक वादक म्हणूनच प्रत्येक स्वराला वेगळा गज देतात. ओळ साखळीसारखी एकसारखी होते, कान सुखावतो. पण कागदावरची उसळी गेली की तो कॅप्रिस झपाट्याचा एक अभ्यास होऊन बसतो. मूळ खूण पाळणाऱ्याला ‘अस्वच्छ’ म्हणायचे का?

सुराचे तर आणखी गुंतागुंतीचे आहे. ‘कणसूर लागला’, म्हणजे सूर किंचित ढळला, असे आपण पटकन म्हणून जातो. व्हायोलिन हातात असेल तर हे करून पाहावे. ए तारेवर पहिले बोट ठेवून बी वाजवा आणि शेजारच्या मोकळ्या ई तारेशी षड्ज-मध्यम भावाने नेमका जुळवा. आता बोट तसूभरही न हलवता तोच बी खालच्या मोकळ्या डी तारेबरोबर वाजवा. तोच स्वर चढा वाटेल, कारण डी षड्ज धरला तर हा धैवत सुमारे २२ सेंट वर आहे, म्हणजे अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्शाहून किंचित जास्त. बोट मागे घ्यावेच लागते. एकाच स्वराला दोन जागा आणि दोन्ही बरोबर. शिवाय सलग सुरावटीत कित्येक वादक शुद्ध निषाद षड्जाच्या ओढीने मुद्दाम चढा लावतात. चेलोवादक पाब्लो कासाल्स याचा फार आग्रह धरायचा. मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपवर हा निषाद लाल दिसतो. श्रुतींची चर्चा ऐकत वाढलेल्या, गजाननबुवा जोशी किंवा डी. के. दातार यांचे गायकी अंगाचे व्हायोलिन ऐकलेल्या माणसांना हे नवीन नसावे. तरीही पाश्चात्त्य व्हायोलिन समोर आले की आपण पेटीच्या पट्टीने मोजायला लागतो. एनेस्कूच्या शाकोनमधले सगळे ढळलेले सूर असे मुद्दाम लावलेले नाहीत. बरेच वयाचे आणि आजाराचे आहेत. पण कुठला कुठे मोडतो हे ओळखायला शिकणे हेच तर कानाचे शिक्षण आहे, आणि ते सगळे सूर वगळून ते देता येणार नाही.

१९८२ नंतर कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि डिजिटल संपादनाने फितीची कात्री कालबाह्य केली. सांधा आता सेकंदाच्या काही हजारांश भागांत एकमेकांत मिसळवता येतो, एकच स्वर उचलून बदलता येतो. १९८० च्या दशकात आम्ही ठाण्याहून लोकलने व्हीटीला जायचो आणि तिथून चालत काळा घोड्याच्या त्या प्रसिद्ध दुकानात. एका कॅसेटसाठी पूर्ण दुपार. २०१६ मध्ये ते दुकान बंद झाले. त्या कॅसेटवर बाखच्या मागे फितीची सरसर असायची, आणि वादकाचा श्वासही ऐकू यायचा. नंतरच्या सीडींवर सरसर गेली ते चांगलेच झाले. काहींवर श्वासही गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये जन्मलेल्या एका किशोरीने चोवीसही कॅप्रिस थक्क करणाऱ्या सफाईने मुद्रित केले, आणि मग जगभरच्या वर्गांमध्ये तेवढी सफाई हीच सुरुवातीची पायरी मानली जाऊ लागली. उलट दिशेचे प्रयत्नही झाले. एका ऑस्ट्रियन वादकाने पुनरावृत्तीच्या जागी स्वतःची भर घालून कॅप्रिस वाजवले. आमच्याकडे ते एकदाच लावले गेले, आणि ‘छापल्याप्रमाणे नाही’ म्हणून पुन्हा नाही.

२०२० मध्ये आणखी एक वळण आले. साथीमुळे परीक्षा थांबल्या तेव्हा ब्रिटनमधल्या एका मोठ्या परीक्षा मंडळाने व्हिडिओवरची परीक्षा सुरू केली. अट अशी की सगळ्या रचना सलग, एकाच टेकमध्ये, कुठलेही संपादन न करता वाजवायच्या. आमच्या बैठकीला येणाऱ्या मुलांपैकी काहींनी याच मार्गाने परीक्षा दिल्या. कागदावर ही अट म्हणजे १९३४ च्या मेणाच्या तबकडीकडे परतणे. प्रत्यक्षात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये खिडक्या बंद करून, पंखा थांबवून, कुकरची शिट्टी मध्ये येणार नाही अशी वेळ साधून मुले तोच कार्यक्रम पंधरा-वीस वेळा वाजवतात आणि त्यातला सर्वांत कमी चुकांचा टेक पाठवतात. सांधा नाही, पण निवड तीच.

गेल्या बैठकीत एका मुलीने तिचे दोन टेक आम्हाला ऐकवले. पाठवलेला सहावा आणि न पाठवलेला अकरावा. अकराव्यात बाखच्या संथ भागात एक जोडस्वर स्पष्टपणे खाली लागला होता, आणि त्याच्या आधीच्या चार ओळी तिने सहाव्यात कधीच वाजवल्या नव्हत्या तशा वाजल्या होत्या. ती म्हणाली, ‘काका, मला हा आवडतो, पण आई म्हणाली तो दुसरा पाठव.’ आई शेजारीच होत्या. त्यांनी अकरावा पुन्हा लावायला सांगितला. निर्णयाच्या बाजूने बोलणारे दोघेही तेव्हा खोलीत होते, आणि एनेस्कूची शाकोन पुढच्या बैठकीत निदान मोठ्यांसाठी तरी लावावी, ही सूचना त्यांच्यापैकीच एकाने वहीत लिहून घेतली.