कोंकणी प्रार्थनेची लिपी : गोव्यातल्या वादाची पार्श्वभूमी

कोंकणीच्या रोमी, म्हणजे रोमन, लिपीला राजभाषा कायद्यात जागा द्या, ही मागणी गोव्यात अधूनमधून डोके वर काढते. बातम्यांत तिचा संबंध पुरस्कार, नोकऱ्या आणि अनुदानाशी जोडला जातो. मात्र हा वाद एवढा चिवट का, हे समजून घ्यायचे तर सचिवालयापेक्षा चर्चमध्ये डोकावणे बरे.

'क्रिस्तपुराण' मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्याचा कर्ता फादर स्टीफन्स याने लिहिलेली धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरी मात्र कोंकणीत आहे, याचा फारसा उल्लेख होत नाही. पुराण 1616चे, प्रश्नोत्तरी स्टीफन्सच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापली गेली. पुराण ग्रंथभाषेत, म्हणजे मराठीत, आणि लहानथोरांनी पाठ करायचे ते घरच्या भाषेत, अशी ही वाटणी होती. दोन्ही पुस्तके रोमी अक्षरांत निघाली, कारण छापखान्यात नागरीचे खिळे नव्हते. पुढे ज्या लिपीला कुणी अस्मितेचे तर कुणी गुलामीचे चिन्ह म्हटले, तिची सुरुवात बरीचशी अशी खिळ्यांच्या अडचणीतून झाली.

1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले : तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. या फर्मानाचा बोलबाला मोठा आहे, पण एका सहीने गावोगावची जीभ बदलत नसते. पापनिवेदन करायला आलेल्या शेतकऱ्याचे ऐकायचे तर पाद्रीला कोंकणी लागणारच. नुकसान झाले ते लिहिण्या-छापण्याचे. त्यानंतरच्या दीर्घ काळात कोंकणी ही पाठांतराची आणि गाण्याची भाषा राहिली. 1858 मध्ये पोर्तुगीज सरकारच्याच एका बड्या अधिकाऱ्याने तिची बाजू मांडणारा प्रबंध लिहिला, तोही पोर्तुगीजमध्ये.

बायबलच्या भाषांतराची कथा याहून वेगळी. श्रीरामपूरच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी 1818च्या सुमारास कोंकणी नवा करार छापला होता. पण कोंकणी बोलणारे ख्रिस्ती जवळपास सगळे कॅथलिक, त्यामुळे तो त्यांच्या घरात शिरलाच नाही. कॅथलिक घरात मुळात बायबल वाचण्याची रीत नव्हती. संध्याकाळी वेदीसमोर बसून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची रीत होती. पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्यांनी ती सोबत नेली. मुंबईत धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गावागावाच्या मंडळींनी चालवलेल्या वसतिगृहांत, संध्याकाळचा तेर्स हा राहण्याच्या नियमांतच असे. रोमी कोंकणीतली छपाईही गोव्याबाहेर फोफावली : 1889 मध्ये पुण्यात नियतकालिक निघाले आणि 1915 मध्ये कराचीत 'दर म्हयन्याची रोटी' हे भक्तिपर मासिक.

खरी कलाटणी 4 डिसेंबर 1963ची. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या दिवशी उपासनेत लोकभाषा वापरण्याची वाट मोकळी केली. तोवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. लोक ऐकत, गात, गुडघे टेकत. आता समोर उभे राहून वाचायचे आले, आणि वाचणारा पाद्रीच असला पाहिजे असेही राहिले नाही. गावातली शिक्षिका, बँकेतला कारकून, कुणीही वाचपाला, म्हणजे बायबलमधला उतारा वाचायला, पुढे येऊ लागले. पाठ प्रार्थनेला लिपी लागत नाही. आईच्या मांडीवर 'आमच्या बापा' शिकलेल्या मुलाला ती देवनागरीत आहे की रोमीत, याचे सोयरसुतक नसते. वाचपाला मात्र लिपी लागतेच. लिपीचा प्रश्न चर्चमध्ये आला तो इथे.

त्याच काळात गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावर रान पेटले होते. 16 जानेवारी 1967ला जनमत कौल झाला. कोंकणी ही भाषा की मराठीची बोली, हा तेव्हाचा जळता प्रश्न. देवनागरीच्या आग्रहामागे त्यामुळे ठोस कारण होते. हिंदू गोमंतकीय रोमी वाचत नव्हता, आणि परकी वाटणाऱ्या लिपीतली भाषा भारतीय म्हणून मिरवणे अवघड होते. चर्चने मात्र मिस्सेची आणि गीतांची पुस्तके रोमीतच काढली. समोरचे वाचक तीच लिपी जाणत होते, तेव्हा दुसरे काही करणे म्हणजे त्यांना मुके बसवणे होते. मंगळूरचे कोंकणी कॅथलिक तर कन्नड लिपीत वाचतात. तिथे कुणी फारसा गहजब केला नाही.

1987च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी अशी व्याख्या केली. ज्या समाजाने ही भाषा सातत्याने छापून वापरली त्याचीच लिपी वगळली गेली, हे माझ्या मते त्या कायद्याचे मोठे उणे. पण चर्चही धुतल्या तांदळासारखे नाही. 1990 मध्ये सरकारने प्रादेशिक भाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा चर्चच्या बहुतेक शाळा इंग्रजी सोडून कोंकणीकडे वळल्या, म्हणजे देवनागरीकडे. सोमवार ते शुक्रवार मुलाने 'शांती' देवनागरीत गिरवायची आणि रविवारी गीतपुस्तकात तोच 'श' पोर्तुगीज वळणाने एक्स या अक्षराने लिहिलेला वाचायचा. 'ट' हवा असेल तर दोनदा टी, अनुस्वाराच्या जागी शेवटी एम. सवय नसलेला वाचक पहिल्याच ओळीत अडखळतो. शाळा आणि चर्च यांच्यातली ही फारकत मिटवायचा निर्णय कोणत्याच बाजूने धडपणे घेतला गेला नाही.

संपूर्ण बायबल रोमी कोंकणीत आले ते 2006 मध्ये, म्हणजे त्या प्रश्नोत्तरीनंतर जवळजवळ चार शतकांनी. तोवर वाचकवर्ग सरकू लागला होता. पालकांना इंग्रजी माध्यम हवे होते. 2011 मध्ये सरकार झुकले, आणि 2012 मध्ये सत्तापालट होऊनही चर्चच्या इंग्रजी प्राथमिक शाळांचे अनुदान चालू राहिले. त्यावरून सत्ताधाऱ्यांच्याच वैचारिक परिवारात उभी फूट पडली. इंग्रजी शाळेतल्या मुलांना रोमी अक्षरे अर्थातच वाचता येतात. पण शहरांतल्या बऱ्याच कुटुंबांत आता ही मुले रविवारी इंग्रजी मिस्सेलाच जातात.