आर्सेनिकचा पंप चालू-बंद कोण करतो: ‘आर्स’ ओपेरॉनची पार्श्वभूमी

आर्सेनिकशी जिवाणूंची गाठ फार जुनी आहे. वातावरणात ऑक्सिजन साचण्याआधी ते मुख्यतः आर्सेनाइट या कमी ऑक्सिजन असलेल्या रूपात होते आणि ते पेशीबाहेर काढणारे पंप त्याच काळातले असावेत, असे मानले जाते. जनुकीय अभ्यासाला मात्र १९६०चे दशक सरता सरता सुरुवात झाली. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूला जी प्लाझ्मिडे (गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी वलये) पेनिसिलिनला दाद न देण्याची क्षमता देतात, तीच आर्सेनिकच्या क्षारांनाही दाद न देण्याची क्षमता देतात, हे १९६८मध्ये दिसून आले. पुढे ई. कोलायच्या आर ७७३ प्लाझ्मिडवरही असाच जनुकसंच सापडला.

हा प्रतिकार सदासर्वकाळ चालू नसतो, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले. आर्सेनाइटची सौम्य मात्रा आधीच मिळालेल्या पेशी जहाल मात्रेतही लगेच वाढू लागत. बाकीच्या बराच वेळ अडून राहत. म्हणजे आर्सेनिकची चाहूल घेणारे काहीतरी पेशीत होते. ते म्हणजे आर्स-आर हे छोटे प्रथिन. त्याचे दोन रेणू जोडीने प्रमोटरपाशी, म्हणजे जनुके जिथून वाचली जाऊ लागतात त्या डीएनएच्या जागेपाशी, बसून लिप्यंतरण (जनुकाची आरएनए प्रत काढणे) रोखतात. आर ७७३वरील आर्स-आरमध्ये ३२, ३४ आणि ३७ क्रमांकांवर सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले आहेत. त्यांच्या गंधकाला आर्सेनाइट चिकटले की प्रथिनाचा आकार बदलतो, त्याची डीएनएवरची पकड सुटते आणि ओपेरॉन, म्हणजे एकाच प्रमोटरवरून एकत्र चालणारा जनुकांचा संच, सुरू होतो. आर्स-आरचे स्वतःचे जनुकही याच ओपेरॉनमध्ये असल्याने ते आपले प्रमाणही आपणच आवरते.

आर्स-सी हे याच संचातले प्रथिन आर्सेनेटचे (आर्सेनिकचे जास्त ऑक्सिजन असलेले रूप) आर्सेनाइट करते, म्हणजे विष अधिक जहाल करते. हे बराच काळ कोडेच होते. पण पंपाला आणि आर्स-आरला आर्सेनेट नव्हे, आर्सेनाइट ओळखू येते, हे लक्षात घेतले की त्यात विसंगती उरत नाही.

खरा घोळ आर्स-डीचा आहे. ई. कोलायच्या गुणसूत्रावरील ओपेरॉनमध्ये आर, बी आणि सी ही तीनच जनुके आहेत. आर ७७३वर डी आणि ए ही आणखी दोन. १९९३मध्ये डीला ‘दुसरा नियंत्रक’ ठरवण्यात आले. आर्स-आर किमान पातळी ठरवतो आणि आर्स-डी कमाल, अशी ती मांडणी होती. डी त्याच डीएनए-जागेवर बसते, पण कितीतरी दुबळ्या पकडीने. त्यामुळे ओपेरॉन जोरात चालून डीचा साठा वाढला, तरच त्याचा अंमल सुरू होणार. आर्स-बी हा पेशीपटलातला पंप गरजेपेक्षा जास्त बनला तर पेशीलाच बाधतो, म्हणून वरची मर्यादा हवी, असे त्याचे समर्थन केले जाई. मांडणी आकर्षक होती आणि तिच्यामागे प्रयोगांचा आधारही होता.

२००६मध्ये चित्र पालटले. आर्स-डी आर्सेनाइट धरून ते आर्स-ए या एटीपी (पेशीचे इंधन) खर्च करून आर्स-बी पंपाला ऊर्जा पुरवणाऱ्या प्रथिनाच्या हवाली करते, असे दिसले. या मदतीमुळे आर्स-एला आर्सेनाइटची ओढ वाढते आणि विष थोडे असतानाही पंप नीट चालतो. विशेष म्हणजे, पहिला निष्कर्ष ज्या गटाचा होता, त्याच गटातून ही दुरुस्तीही पुढे आली. माझ्या मते डीला नियंत्रक म्हणून आजही जे स्थान दिले जाते, ते फार मोठे आहे. जनुकसंचांमध्ये डी बहुधा एच्या शेजारीच आढळते. कमाल पातळी आवरणे हेच त्याचे मुख्य काम असते, तर नुसत्या आर-बी-सी ओपेरॉनलाही त्याची तितकीच गरज पडली असती. त्याची दुबळी पकड खरी आहे, पण ते त्याचे मुख्य काम नव्हे.

त्यानंतरच्या संशोधनाने आर्स-आरचीही एकच ठरीव प्रतिमा मोडली. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या जिवाणूच्या आर्स-आरमध्ये आर्सेनाइट धरणारे सिस्टीन प्रथिनाच्या शेवटाकडे आहेत, तर कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या दुसऱ्या जिवाणूत आणखी तिसऱ्याच ठिकाणी. तीच युक्ती उत्क्रांतीत वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे साधली गेली असावी.

याच नियंत्रकावर पाण्यातले आर्सेनिक ओळखणारे जिवाणू बेतले गेले: आर्स-आरच्या पुढे प्रकाश किंवा रंग देणारे जनुक जोडायचे. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा आहे. आर्सेनिक नसतानाही प्रमोटर थोडा गळतो, म्हणजे जनुके थोडी चालूच राहतात, त्यामुळे इतकी कमी मात्रा पकडणे अवघड जाई. म्हणून आर्स-आरचे जनुक आणि संकेत देणारे जनुक यांच्या मधोमध आर्स-आरला बसायला आणखी एक जागा घालण्यात आली. तेव्हा ही गळती आटोक्यात आली.