कॅनडातल्या अभ्यासकाचं दप्तर वाचायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत

कॅनडाच्या सुरुवातीच्या साहित्यावर पीएच.डी. करणाऱ्याला छापील पुस्तकं मिळतात. ती ज्यांनी धुंडाळून पुन्हा उजेडात आणली, त्या अभ्यासकांची टिपणं, पत्रं आणि कच्चे खर्डे (म्हणजेच त्यांचं दप्तर) मात्र विद्यापीठांच्या अभिलेखागारात, म्हणजे आर्काइव्हमध्ये, असतात. कार्ल क्लिंक (१९०८–१९९०) यांचंच घ्या. १९६५ साली कॅनडाच्या इंग्रजी साहित्याचा जो मोठा इतिहास निघाला, त्याचे ते प्रमुख संपादक. ओंटारिओतल्या लंडन शहरात, वेस्टर्न विद्यापीठात त्यांनी शिकवलं आणि त्यांचे कागदही तिथल्याच अभिलेखागारात आहेत. (विलायतेतलं लंडन नव्हे! टोरोंटोहून साधारण १९० किलोमीटर. विमानाचं तिकीट काढताना ही गफलत खरंच होऊ शकते.)

पात्रता

अशा विद्यापीठीय अभिलेखागारात वाचायला बसण्यासाठी साधारणपणे पदवीची अट नसते. प्राध्यापक, विद्यार्थी, हौशी वाचक, कुणीही अर्ज करू शकतो. ओळख पटवायला पासपोर्ट पुरतो. मार्गदर्शकांचं पत्र आणि कॉलेजचं बोनाफाइड जवळ ठेवा, पण त्यांचा खरा उपयोग व्हिसाला होतो. वाचनकक्षात कुणी तुमची पदवी विचारत नाही. विचारतात ते एवढंच : कुठलं खोकं, कुठली फाईल?

आधी सूची, मग अर्ज

सगळी मेख इथे आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) असतात, तशी तिकडे खोकी असतात. एका माणसाच्या सगळ्या कागदांना मिळून कॅनडात fonds हा फ्रेंच शब्द वापरतात, त्याचा उच्चार ‘फाँ’. संस्थेच्या सूचीत आडनाव आणि हा शब्द टाकून शोधा. ओंटारिओतल्या अनेक अभिलेखागारांच्या नोंदी ‘आर्कीऑन’ (Archeion) या सामायिक संकेतस्थळावरही सापडतात. नोंदीला जोडलेली तपशीलवार यादी उतरवून घ्या आणि तिच्यात पेन्सिलीने खुणा करत बसा. दोन दिवस गेले तरी चालेल.

माझी पहिली ईमेल होती, ‘या लेखकाबद्दल जे काही असेल ते कृपया पाठवावे.’ उत्तर सभ्य होतं आणि निरुपयोगी होतं, कारण प्रश्नच तसा होता. आता विद्यार्थ्यांना मी असं लिहायला सांगते : संग्रहाचं नाव, खोक्याचा क्रमांक, फाईलचा क्रमांक, त्यावरचं शीर्षक, ‘साहित्येतिहासाच्या संपादनाचा १९६५ पूर्वीचा पत्रव्यवहार, प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणासाठी’, यायच्या तारखा, आणि काही फाईलींवर बंधन आहे का, हा प्रश्न. एवढं लिहिलंत की आर्काइव्हिस्ट स्वतःहून तुम्हाला माहीत नसलेली फाईलही सुचवतो.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. क्लिंकांच्या दप्तरात मुख्यतः त्यांना *आलेली* पत्रं मिळणार. त्यांनी *लिहिलेली* पत्रं, कार्बन प्रत ठेवली नसेल तर, ज्यांना लिहिली त्यांच्या दप्तरात असणार. त्या साहित्येतिहासाच्या संपादक मंडळातल्या नॉर्थ्रॉप फ्राय यांचे कागद टोरोंटोच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात आहेत आणि रॉय डॅनिएल्स यांचे व्हँकुव्हरला, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. म्हणजे एक संवाद पुरा ऐकायचा तर तीन ठिकाणी अर्ज.

बंधनं

विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रं, दुसऱ्याच्या लेखनावरचे गोपनीय अभिप्राय असल्या फाईली बंद असू शकतात. काही वेळा देणगीदार कुटुंबाची अट असते. ओटावाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागारात सूचीत संकेतांक दिसतो : ९० म्हणजे खुलं, ३२ म्हणजे कायद्याने मर्यादित, १० म्हणजे बंद. ९० नसेल तर प्रवासाआधीच विचारणा करा. तिथे वाचकपत्र काढावं लागतं आणि कागद आगाऊ मागवावे लागतात, कारण मूळ दस्तऐवज नदीपलीकडे गातिनोच्या जतन केंद्रात ठेवलेले असतात.

प्रत्यक्ष जायचं तर

भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा लागतो. शुल्क १०० कॅनडियन डॉलर, बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. बोटांचे ठसे आणि फोटो एकदा दिले की १० वर्षं चालतात. बँक स्टेटमेंट, नोकरी असेल तर कॉलेजचं ना-हरकत आणि रजामंजुरीचं पत्र, कामाचा एक पानी आराखडा आणि अभिलेखागाराने तारखा नक्की केल्याची ईमेल जोडा. ही शेवटची ईमेल अर्जाला वजन देते. पैशांसाठी शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूटच्या (स्थापना १९६८) पाठ्यवृत्त्या पाहा, पण आधी आपलं विद्यापीठ तिथे सदस्य आहे का ते विचारून घ्या.

वाचनकक्षात पिशवी बाहेर, पेन बाहेर, फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फाईल उघडायची आणि कागदांचा क्रम बदलायचा नाही. फोटोला बहुधा परवानगी मिळते, फ्लॅशला नाही. प्रत्येक फोटोत फाईलचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा, नाहीतर घरी येऊन ४०० फोटोंपुढे डोकं धरून बसाल.

न जाता

स्कॅन मागवता येतात, पानांनुसार शुल्क पडतं. कॅनडाच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३०.२१ अभिलेखागाराला संशोधनासाठी किंवा खाजगी अभ्यासासाठी अप्रकाशित लेखनाची एक प्रत काढून देऊ देतं. पण दप्तरात दुसऱ्या संस्थेतल्या हस्तलिखिताची छायाप्रत असेल, तर मूळ मालकाकडे पाठवतात. क्लिंक आणि इतिहासकार टाल्मन यांनी १९७० साली संपादित केलेली, मोहॉक या मूलनिवासी जमातीचे नेते जॉन नॉर्टन यांची रोजनिशी पाहा : मूळ हस्तलिखित इंग्लंडच्या अ‍ॅनिक किल्ल्यात आहे.

छापायचं असेल तर

प्रत मिळाली म्हणजे छापायचा हक्क मिळाला नाही. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, मग त्याच्या वारसांचा. पत्र ज्याच्या दप्तरात आहे त्याचा नव्हे. २०२२ च्या अखेरीपासून कॅनडात सर्वसाधारण मुदत मृत्यूनंतर ७० वर्षांची आहे, पण अप्रकाशित लेखनाला वेगळे नियम लागतात, म्हणून सरळ बेरीज करू नका. प्रबंधात दोन ओळी उद्धृत करणं वेगळं, अख्खं पत्र पुस्तकात छापणं वेगळं. अख्खं पत्र छापायचं तर वारसांचा पत्ता आर्काइव्हिस्टलाच विचारा आणि उत्तराला काही महिने धरून चाला.