चित्रावर बोट ठेवलं, तर बोलणं थांबेल का?

मूल तीन-साडेतीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला." वेखंड उगाळून चाटवलं जातं, नवस बोलले जातात. पुढे ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) किंवा सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी असण्याचं, निदान होतं, स्पीच थेरपी सुरू होते आणि एक दिवस थेरपिस्ट चित्रांचा तक्ता पुढे ठेवतात. पाणी हवं असेल तर पाण्याच्या चित्रावर बोट, नको असेल तर 'नको'वर. तेव्हा आईवडिलांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : याची सवय लागली, तर तोंडानं बोलायचा हा कंटाळा नाही का करणार?

ही भीती अगदी स्वाभाविक आहे. पण ती खरी आहे का, हे संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. जॅनिस लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांतून भरवशाच्या ठरलेल्या २७ जणांच्या नोंदी त्यांनी बारकाईनं पाहिल्या. चित्रं, खुणा किंवा बटण दाबलं की शब्द बोलणारं यंत्र यांची मदत सुरू झाल्यावर यांपैकी ८९ टक्के जणांचं तोंडी बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. कमी एकाचंही झालं नाही. वाढ माफक होती, हेही सांगायला हवं. तक्ता हाती आला की मूल घडाघडा बोलू लागेल, असं आश्वासन कुणी देऊ नये. २०१४ मध्ये कोनी कसारी यांच्या गटानं पाच ते आठ वर्षांच्या, अगदी मोजकं बोलणाऱ्या ६१ ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना उपचारांबरोबर सुरुवातीपासून बोलणारं यंत्र दिलं होतं, ती मुलं इतरांपेक्षा जास्त वेळा स्वतःहून काही सांगू लागली. कधी तोंडानं, कधी यंत्रातून.

असं का होत असावं? शब्द ठाऊक असणं आणि तो उच्चारणं ही दोन वेगळी कामं आहेत. उच्चारायला श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ, टाळू यांच्या हालचाली क्षणार्धात जुळाव्या लागतात. सेरेब्रल पाल्सीत या स्नायूंवरचा ताबाच अनेकदा कमी असतो. काही ऑटिस्टिक मुलांनाही हालचालींची ही जुळणी अवघड जाते. बटण दाबलं की शब्द दर वेळी त्याच उच्चारात, हवा त्याच क्षणी कानावर पडतो, आणि 'बोल, बोल' हा तगादा कमी होतो. त्याचाच फायदा होत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे.

मला मात्र याहून महत्त्वाचा वाटतो तो १९८५ चा एक छोटा प्रयोग. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी वर्गात आरडाओरडा, मारामारी करणाऱ्या चार मुलांकडे नीट पाहिलं. काहींचा त्रागा काम अवघड झालं की सुरू होई, काहींचा कुणी लक्ष दिलं नाही की. पहिल्या प्रकारच्या मुलांना 'मला समजलं नाही' असं म्हणायला शिकवलं आणि त्रागा झपाट्यानं कमी झाला. दुसऱ्यांना 'मी नीट करतोय का?' असं विचारायला शिकवलं, तिथंही तेच घडलं. पण कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं की काही फरक पडत नसे. म्हणजे ते वागणंच बोलणं होतं. आपल्याकडे अशा मुलाला हट्टी ठरवून किती धपाटे घातले जातात, हे आठवलं की जीव तुटतो. पुढे हीच पद्धत न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रं आणि खुणा घेऊन वापरली गेली.

म्हणून तक्त्यावर काय आहे, याला फार महत्त्व आहे. पुष्कळ तक्त्यांवर खाऊच खाऊ असतो : केळं, बिस्कीट, दूध. त्यातून मूल फक्त मागू शकतं. नकार कसा देणार? 'थांब', 'अजून', 'संपलं', 'दुखतंय', 'कुठे', 'माझं', 'तू कर' हे शब्द दिवसभर, कुठल्याही प्रसंगी लागतात, आणि रोजच्या बोलण्याचा मोठा भाग अशाच थोड्या शब्दांचा असतो. ते आधी हवेत. 'नको' तर पहिल्या दिवसापासून हवं, आणि मुलानं ते दाबलं की ते ऐकलंही जायला हवं.

मराठीत आणखी एक अडचण येते. 'मी' आणि 'भूक' ही दोन चित्रं दाबली तर 'मी भूक' असं काहीतरी ऐकू येतं. आपण तर 'मला भूक लागली' म्हणतो. मुलीच्या टॅबवर 'जातो' असेल, तर ती रोज मुलगा होऊन बोलेल. त्यामुळे इंग्रजीसाठी केलेलं अ‍ॅप नुसतं भाषांतरित करून भागत नाही. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही आहे. त्यात चित्र निवडून शेजारचं 'हवं', 'नको', 'अजून' अशा भावाचं बटण दाबलं की पूर्ण वाक्य बोललं जातं. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' हेही भारतात बरंच वापरलं जातं. आणि टॅब नसेल तर लॅमिनेट केलेला कागद चालतो. त्याला चार्जिंग लागत नाही, तो पडून फुटत नाही.

तक्ता मुलापुढे ठेवून 'दाखव, पाणी कुठाय?' असं विचारत राहणं ही परीक्षा झाली. बोलणारं बाळ पहिला शब्द काढण्याआधी जवळजवळ वर्षभर नुसतं ऐकत असतं. तक्त्याची भाषाही मुलाला आधी दुसऱ्यांनी वापरलेली दिसायला हवी. आईनं 'चल, बाहेर जाऊ' म्हणताना स्वतः 'चल'वर आणि 'बाहेर'वर बोट ठेवायचं, आजीनं, ताईनंही. मुलानं लगेच उत्तर द्यावं, असा आग्रह धरायचा नाही. तोंडानं आपण मिनिटाला शंभर-दीडशे शब्द सहज बोलतो, तर अशा साधनांनी बोलणाऱ्यांचा वेग बहुधा मिनिटाला पंधरा शब्दांच्याही आतच राहतो. मधली ती शांतता मोठ्यांना सोसत नाही आणि ते मुलाचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात.

याच घाईतून एक गंभीर चूक जगभर झाली. मदतनीसानं न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात धरून तिच्याकडून अक्षरं टाइप करून घ्यायची, ही पद्धत १९९० च्या सुमारास अमेरिकेत झपाट्यानं पसरली. सुंदर वाक्यं उमटू लागली, आईबाप रडले. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्रात साधी चाचणी घेतली गेली. मदतनीसाला एक चित्र आणि ऑटिस्टिक व्यक्तीला दुसरंच चित्र दाखवलं. टाइप झालं ते मदतनीसानं पाहिलेलं चित्र. मदतनीस खोटं वागत नव्हते, आपला हातच शब्द निवडतोय हे त्यांच्या ध्यानातही येत नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे कुणी असा हात किंवा कोपर धरून 'पाहा, हा काय लिहितोय' म्हणत असेल, तर हीच चाचणी घ्यायला सांगावी. टॅब स्टँडवर ठेवावा, पट्टा बांधून द्यावा, डोळ्यांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा लावावा, पण शब्द निवडणारा स्नायू त्या व्यक्तीचाच हवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं संवादाच्या व्याख्येत अशा पूरक आणि पर्यायी साधनांचा समावेश केला आहे. शिक्षणात त्यांच्या वापराला चालना देण्याची जबाबदारी त्यानं सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तेव्हा शाळेत प्रवेशाच्या वेळीच विचारावं : तक्ता वर्गात मुलाच्या बाकावर राहील का? मधल्या सुट्टीत, मैदानावर, सहलीला बरोबर जाईल का? आणि मस्ती केली म्हणून कुणी तो काढून कपाटात तर ठेवणार नाही ना?